दऱ्या आणि दर्या

आमच्या जिल्ह्यात ‘स्थलांतर’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी जरा थबकावे लागते. दिवाळी सरली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातच्या वाटेला लागतात आणि माझ्या हजेरीपटावर काही नावांपुढे सलग रेघा पडत जातात. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांना बसली, ती सगळी या दोन तालुक्यांतली. त्यांपैकी अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली आणि त्यांची नातवंडे आज आमच्या महाविद्यालयात शिकतात. त्यामुळे २०२५च्या उन्हाळ्यात संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या तरुणाने फोनवर सहजपणे सांगितले, “मॅडम, तुमच्या विभागाचंही स्थलांतर करावं लागेल, जुनं घर आता राहण्याजोगं नाही,” तेव्हा मी क्षणभर निरुत्तर झाले. तो बिचारा संगणकाविषयी बोलत होता.

पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या मराठी विभागाची पाने २०११ साली ‘ड्रुपल’ नावाच्या प्रणालीवर उभी राहिली. मजकूर, लेखक, चित्रे, पत्ते या सगळ्यांचा सांभाळ करणारी ही आशय-व्यवस्थापन प्रणाली. तिची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. म्हणजे यापुढे तिच्यात भगदाड सापडले तर ते बुजवण्याची जबाबदारी निर्मात्यांवर नाही. चौदा वर्षांचे आयुष्य संगणकाच्या जगात दीर्घच म्हणायचे. पंचाईत अशी की २०१५मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून या प्रणालीचा पायाच बदलला. जुन्या घराला वरून मजला चढवावा तसा प्रकार उरला नाही. नवे घर निराळे बांधायचे आणि जुन्यातले सामान एकेक करून, कोणत्या खोलीतले कोणत्या खोलीत हे ठरवून, हलवायचे.

महाविद्यालयाला घाई होती ती नॅकच्या कागदपत्रांची. ती पहिल्याच दिवशी बिनबोभाट नव्या घरात गेली. विद्यार्थ्यांच्या लेखनाचे काय करायचे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. २०११पासून आम्ही बी.ए.च्या मुलांकडून लिहून घेत आलो होतो : गावाची टिपणे, आजीच्या तोंडच्या कथा, अहिराणी, भिली, पावरी, मावची शब्दांच्या याद्या, आणि अर्थातच काही कविता, ज्यांविषयी न बोललेले बरे. प्रत्येक मुलाचे स्वतःचे खाते उघडून दिले होते. “हे काढून टाकलं तरी चालेल ना?” असे त्या तरुणाने विचारले. प्रश्न दुष्टपणाचा नव्हता, कामाचा होता. मी म्हटले, हे काम मी स्वतः करते.

पुढचे दोन महिने मी पाठचिकित्सा केली. एम.ए.ला हा विषय शिकताना तो मेलेल्या पोथ्यांविषयी आहे असे मला वाटत असे.

पहिल्या चाचणीत सगळे लेख नव्या घरात पोचले आणि एकही वाचता येईना. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, त्यांच्यामागे चलनाची अनोळखी चिन्हे, मध्येच जपानी येन, अशा ओळीच्या ओळी. याचे कारण कळले तेव्हा मात्र मी त्यात रमले. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवताना सहसा तीन बाइट खर्ची पडतात आणि त्यांतला पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. युरोपीय लिप्यांची सवय असलेल्या जुन्या कोठाराने ते तीन बाइट म्हणजे तीन स्वतंत्र अक्षरे, असे धरले होते. दुसऱ्या बाइटाला दोनच पर्याय : सगळी व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी एका गटात, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त दुसऱ्या गटात. हा दुसरा गट म्हणजेच ते येन. दोन दिवसांनी मला त्या गिचमिडीत कुठे काना असावा आणि कुठे दुसरी वेलांटी, याचा अंदाज येऊ लागला. महानुभावांच्या सकळ लिपीची उकल करणाऱ्या संशोधकांना काय वाटले असेल, याची पुसट कल्पना तेव्हा आली. फरक इतकाच की महानुभावांनी ग्रंथ जाणूनबुजून झाकला होता; इथे कोणी काही झाकले नव्हते, एका कोठाराला आपली लिपी कधी कोणी शिकवलीच नव्हती.

ते निस्तरले. मग ध्यानात आले की लांब शीर्षके मध्येच तुटली आहेत. २५५ अक्षरांसाठी ठेवलेली जागा तिप्पट खर्चामुळे ८५ चिन्हांतच संपत होती. मुलांची शीर्षके लांबलचक असतात; त्यांना ‘एक अभ्यास’, ‘एक चिंतन’ असे शेपूट लावण्याची सवय आम्हीच लावलेली आहे. ही शेपटे गळून पडली याचे मला फारसे दुःख झाले नाही.

खरा घोळ याच्या पुढचा. तोरणमाळच्या वाटेवरचे एक सुरेख वर्णन वाचत होते आणि अडखळले : ‘सातपुड्याच्या दर्यात धुके साचते.’ सातपुड्यात दर्या कुठून आला? मुलाने अर्थातच ‘दऱ्यांत’ लिहिले असणार. आपला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकावर दोन मार्गांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेल्या स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून. दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. आमच्या स्थलांतराच्या वाटेवर एक चाळणी बसवलेली होती. मजकुरातला ‘कचरा’ काढणे हे तिचे काम. डोळ्यांना न दिसणारे ते जोडचिन्ह तिला कचरा वाटले. ते गेले आणि अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला. दऱ्यांचा दर्या झाला, आचाऱ्यांचे आचार्य झाले. एका मुलाने लग्नातल्या पंगतीवर लिहिलेल्या लेखात आचार्यांनी वरणाला फोडणी दिली होती. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, यात चूक काय आहे?

चाळणी काढली, सगळे पुन्हा हलवले, आणि तिसऱ्या चाचणीत मजकूर जसाच्या तसा उतरला. फक्त प्रत्येक लेखाखाली लेखकाच्या जागी एकच नाव होते : अनामिक.

ड्रुपलमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. पहिला क्रमांक घरमालकाचा, आणि शून्य म्हणजे ज्याची ओळख पटत नाही तो. लेख आधी आले, लेखक मागे राहिले. यंत्राने विचारले, हा लेख कोणाचा, उत्तर मिळाले नाही, त्याने शून्य लावले. ज्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तिथल्या मुलांना हे शून्य मिळावे यातला उपरोध मला लगेच जाणवला. पण उपरोधावर वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती. शंभरावर खाती होती. त्यांच्या ई-मेल पत्त्यांपैकी बहुतेक प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेले, पुन्हा कधीही न उघडलेले. सांकेतिक शब्द प्रणालीत अशा रीतीने दळून ठेवलेले असतात की पिठावरून दाणा ओळखता येत नाही. ते कोणाला काढून देणे शक्य नाही, आणि ते योग्यच आहे. मी ठरवले की नावे न्यायची, क्रमांक जुनेच ठेवायचे, आणि भ्रमणध्वनी क्रमांक मात्र मागे सोडायचे. विशीतल्या मुलीने विश्वासाने दिलेला फोन नंबर पंधरा वर्षांनी नव्या कोठारात नेण्याचा मला काय अधिकार? त्या तरुणाला हे पटले नाही, पण त्याने वाद घातला नाही.

लेखक पुन्हा लेखांना जोडले गेले आणि काम संपल्यासारखे वाटू लागले. तेव्हा त्याने शेवटचा प्रश्न विचारला : “जुन्या आवृत्त्या आणायच्या का? न आणल्या तर जागा वाचेल.”

लेखात बदल करून तो साठवला की आधीचे रूपही राखून ठेवायचे, अशी सोय या प्रणालीत असते. २०११मध्ये ज्याने कोणी आमचे घर बांधले त्याने ती सुरू ठेवली होती, हे मला चौदा वर्षे माहीत नव्हते. मी नुसत्या कुतूहलाने एक लेख उघडला. तळोदा तालुक्यातल्या एका पुनर्वसन वसाहतीतल्या मुलाचा, २०१२चा. आजोबांच्या नदीकाठच्या, आता पाण्याखाली गेलेल्या गावाविषयीचा. हा लेख मी कित्येक वर्षे वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवत आले आहे.

पहिल्या आवृत्तीत तो लेख निराळा होता. त्यात ‘आई’ नव्हती, ‘याहा’ होती. नदी ‘नर्मदा’ नव्हती, ‘नरबदा’ होती. वाक्यांची क्रियापदे त्याच्या घरच्या वळणाची होती, एक अख्खा परिच्छेद ओढ्यांच्या, शेतांच्या आणि झाडांच्या नावांचा होता. नुसती नावे, एकामागून एक, ज्या क्रमाने आजोबा चालत जात त्या क्रमाने. दुसऱ्या आवृत्तीत तो परिच्छेद नाही. तिथे एक वाक्य आहे : ‘गावाचा परिसर निसर्गरम्य होता.’ दुसऱ्या आवृत्तीपुढे बदल करणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदवलेली आहे. नाव माझे आहे. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, म्हणजे दिवसभराचे काम आटोपून मी हे मन लावून केले होते.

मी वाईट हेतूने केले असे कोणी म्हणणार नाही. मी तेव्हा तेहेतीस-चौतीस वर्षांची होते, ‘शुद्ध’ लिहिलेले छापले जावे अशी माझी प्रामाणिक इच्छा होती, आणि बाहेरच्यांनी आमच्या मुलांना हसू नये असेही वाटत होते. पण त्याच वर्षी मी वर्गात बहिणाबाईंच्या बोलीचे गोडवे गात होते. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो कसा, त्यात आपली ओवी घालू नये अशी तंबी का दिली, हेही शिकवत होते. लीळाचरित्र शिकवताना तर महानुभावांचा मोठेपणा मी खुलवून सांगते : एकाच लीळेच्या दोन आठवणी असतील तर त्यांनी एक पुसली नाही, दुसरी ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवली. माझ्या हाताखालच्या ग्रंथात मात्र मी वासना उरू दिली नाही. यंत्राने उरू दिली, तीही कोणीतरी एका चौकटीत खूण करून ठेवली म्हणून.

त्या रात्री मी सगळ्या आवृत्त्या पाहिल्या. अहिराणीवाल्यांना मी बरीच सवलत दिलेली दिसली. ती माझ्या कानाची भाषा आहे. भिली आणि पावरीच्या वाट्याला लाल पेन अधिक आला होता. २०११च्या जनगणनेत भिली बोलणाऱ्यांची संख्या एक कोटीवर आहे, आणि ती आठव्या अनुसूचीत नाही, हे मी चर्चासत्रांत तावातावाने मांडत असते. सर्व आवृत्त्या आणा, असे मी त्या तरुणाला कळवले. जागा वाचली नाही.

राहिला प्रश्न वर कोणती आवृत्ती दिसावी याचा. तो माझ्या एकटीचा नव्हता. त्या मुलाला शोधायला आठवडा लागला. तो आता अक्राणी तालुक्यात शिक्षक आहे. आवाज जाडा झालेला, बोलणे तेच, घाई नसलेले. मी सगळे सांगितले, न लपवता. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मॅडम, मला वाटायचं ते मीच नंतर नीट केलं असेल.” याहून कठोर काही त्याला म्हणता आले नसते आणि तसे म्हणण्याचा त्याचा हेतूही नव्हता. पहिले रूप वर आणू का, असे मी विचारले. विचार करून सांगतो, म्हणाला.

दहा-बारा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांची छायाचित्रे आली. पहिली आवृत्तीही त्याला पुरती पटली नव्हती. त्या वेळी मॅडमना कळावे म्हणून बरेच शब्द मराठीकडे वळवून लिहिले होते, असे त्याने कळवले. आता आजोबा नाहीत, पण वडिलांना विचारून ओढ्यांची नावे पुन्हा लावली आहेत. तीन नावे वाढली, एकाची जागा बदलली. ही तिसरी आवृत्ती मी सध्या टंकत आहे. त्याच्या खात्याने तो स्वतः चढवू शकत नाही, जुना ई-मेल पत्ता त्याला आठवत नाही, आणि नवे खाते काढू या म्हटले तर त्याला जुनाच क्रमांक हवा आहे. तो मी मिळवून देईन. एका झाडाच्या नावाच्या लेखनावर आमचे अद्याप एकमत नाही : त्याचा उच्चार मला फोनवर ऱ्यासारखा ऐकू येतो, आणि तो म्हणतो की तसा नाही. रविवारी तो नंदुरबारला येणार आहे, तेव्हा समोर बसून ऐकेन.