विजापूर, बारा हजार रुपये आणि आजींची एक अट

१/ राजधानी पाहायची म्हणजे दिल्ली-आग्रा, निदान जयपूर, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी समजूत. पुण्यातील एका कुटुंबातही ती होती. आई, बाबा, आजी, आठवीतील मुलगी आणि चौथीतील मुलगा अशी पाच माणसे, दिवाळीची सुट्टी आणि वर्षभर बाजूला टाकलेले १२,००० रुपये. दिल्लीचे गणित प्रवासखर्चापाशीच अडले. त्या अडलेल्या गणितातून जी सहल आकाराला आली, तिच्याविषयी हा धागा.

२/ "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य त्या घरात सलग तीन दिवाळ्या उच्चारले गेले होते. चौथ्यांदा ते उच्चारायचे नाही, असे आईने ठरवले होते. आजींना आता जिना चढवत नव्हता, मुलीची दहावी जवळ येत होती. पाचही जणांनी एकत्र बाहेर पडण्याच्या संधी मोजक्याच उरल्या आहेत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलून मात्र कोणी दाखवत नव्हते.

३/ मुलीने नकाशावर बोट ठेवले ते विजापुरावर. सोलापूरपासून साधारण शंभर किलोमीटर. आज अधिकृत नाव विजयपुरा, पण मराठीत अजून विजापूरच. १४९० च्या सुमारास बहमनी सत्तेपासून अलग झालेल्या युसुफ आदिलशाहापासून १६८६ मध्ये औरंगजेबाच्या हाती पडेपर्यंत, जवळजवळ दोनशे वर्षे हे शहर आदिलशाहीची राजधानी होते.

४/ विरोध आला तो आजींकडून. "ज्या गावातून खान निघाला, त्या गावी दिवाळी घालवायची?" चौथीत शिवचरित्र शिकणारा नातू अर्थातच आजीच्या बाजूचा. आक्षेप पोकळ नव्हता. १६५९ मध्ये अफजलखान याच दरबाराच्या आज्ञेने निघाला आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. साडेतीनशे वर्षांनंतरही त्या नावाने मराठी घरात कपाळाला आठी पडते.

५/ पण विजापूर आणि मराठी मुलूख यांचे नाते एका भेटीपुरते नाही. निजामशाही बुडाल्यावर, १६३६ मध्ये शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद करून विजापुरास आणले गेले. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा शिवाजी महाराजांना कोंढाणा सोडावा लागला. ज्या शहराने खान पाठवला, त्याच शहरात महाराजांचे वडील सरदारही होते आणि बंदीही.

६/ कागदाचे नाते त्याहून जुने. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची रीत पडली. १६५९ च्या जूनमध्ये खानाला सामील होण्याचे फर्मान कान्होजी जेधे यांना आले, ते याच दरबाराकडून. कान्होजी ते घेऊन महाराजांपाशी गेले आणि त्यांच्याच बाजूने उभे राहिले. शत्रुत्व खरे होते. पण ते परक्यांमधले नव्हते, एकाच व्यवस्थेत वावरलेल्या माणसांमधले होते.

७/ हे सारे मुलीने दोन संध्याकाळी आजींना वाचून दाखवले. आजींनी थोडा वेळ वाती वळल्या आणि एक अट घातली. "येते मी. पण प्रत्येक इमारतीपाशी, ती उभी राहत होती तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं, ते तू मला सांगायचं. नुसता मोठेपणा ऐकायला मी येणार नाही."

८/ मुलीने शंभर पानी वही घेतली आणि दोन रकाने आखले. डावीकडे विजापूर, उजवीकडे 'आपल्याकडे'. पहिली ओळ: १५८४. हैदरखानाने टेहळणीसाठी उपली बुरूज बांधला तो या वर्षी. उजवीकडे शके १५०६, म्हणजे तेच वर्ष: पैठणला संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकीकडे शहर राखण्याची तजवीज, दुसरीकडे ग्रंथ राखण्याची.

९/ दुसरी ओळ: इब्राहिम रोजा. दुसरा इब्राहिम आदिलशाहा संगीताचा एवढा भोक्ता की 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ त्याने स्वतः रचला. तो १६२७ मध्ये वारला आणि या नाजूक कोरीवकामाच्या वास्तूत विसावला. उजवीकडे: तीनच वर्षांनी, १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवजन्म, आणि पाठोपाठ दख्खन उजाड करणारा दुष्काळ.

१०/ तिसरी ओळ: गोलघुमट. मुहम्मद आदिलशाहा १६५६ च्या अखेरीस मरण पावला. ही त्याची कबर. त्याच वर्षाच्या आरंभी महाराजांनी जावळी घेतली होती आणि पुढे रायरीही. सुलतानाचा घुमट पुरा होत असताना सह्याद्रीत दुसऱ्या राजधानीचा डोंगर ताब्यात आला होता. रायरीचा रायगड पुढे झाला.

११/ चौथी ओळ लिहिताना मुलगी जरा थांबली. बाराकमान, दुसऱ्या अली आदिलशाहाची कबर. गोलघुमटाहून भव्य करण्याचा बेत होता. पण १६७२ मध्ये अली वारला आणि काम राहिले. आज उभ्या आहेत त्या छप्पर नसलेल्या कमानी. उजवीकडे: १६७४, रायगडावर राज्याभिषेक. आजींनी ही ओळ दोनदा वाचायला लावली.

१२/ दरम्यान बाबांनी हिशेबाची वेगळी वही उघडली. पुणे ते सोलापूर रेल्वे, पुढे कर्नाटक परिवहनाची बस, जाऊन-येऊन ३,१०० रुपये. बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजमध्ये दोन खोल्या, दोन रात्री: ४,०००. जेवणखाण ३,०००. शहरात रिक्षा १,०००. राहिली प्रवेशाची तिकिटे. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा, प्रौढाला प्रत्येकी २५ रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. तिघांचे मिळून १५०.

१३/ एकूण ११,२५०. औषधपाण्यासाठी ७५० शिल्लक. "ज्याच्यासाठी जायचं, त्याचाच खर्च सगळ्यांत कमी," बाबा म्हणाले. इब्राहिम रोजाच्या भिंतीवरील लेखात त्या वास्तूला आलेला खर्चही कोरलेला आहे: सुमारे दीड लाख होन. हिशेब ठेवण्याची सवय फक्त मध्यमवर्गालाच असते असे नाही.

१४/ १५० या आकड्याला विजापुरात आणखी एक गंमत आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला मराठीत 'मुलुखमैदान तोफ' म्हणतात, ती तोफ इथल्या बुरुजावर आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी जबड्यात हत्ती धरलेला सिंह. १८५४ मध्ये ती लिलावात अवघ्या १५० रुपयांना गेली होती. सौदा रद्द झाला म्हणून ती आज तिथे आहे. हे ऐकल्यावर नातवाने पक्ष बदलला.

१५/ वेळापत्रक आजींच्या गुडघ्यांवरून ठरले. गोलघुमट सकाळी दार उघडताच, शाळांच्या सहली येण्याआधी; कारण गर्दीच्या कोलाहलात प्रतिध्वनीची मजा उरत नाही. सज्जापर्यंत जायला कोपऱ्यातील सातमजली मनोऱ्यातून अरुंद, उंच पायऱ्या आहेत. आजी खाली थांबतील, सोबतीला आळीपाळीने आई किंवा बाबा.

१६/ खाली थांबणे ही शिक्षा नाही, हेही मुलीने समजावले. वास्तुशास्त्राचा खरा चमत्कार खालूनच दिसतो. सुमारे १,७०० चौरस मीटरचे एकसंध दालन, मध्ये एकही खांब नाही. चौरस खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा? एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौरसाचे कोपरे आत ओढत वर्तुळ साधले आहे. मान वर केली की सारे गणित उलगडते.

१७/ दुपारी ऊन टाळून खाणावळ: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. कन्नडमध्येही शब्द 'खानावळी'च. दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून पूर्व-पश्चिम फेरी: जामा मशीद, गगनमहाल, बाराकमान, मुलुखमैदान, उपली बुरूज आणि शेवटी पश्चिम तटाबाहेर इब्राहिम रोजा. तिथे सावली आहे, हिरवळ आहे, आजींना संध्याकाळपर्यंत निवांत बसता येईल. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून निघायचे शुक्रवारी आणि पाहायचे शनिवारी-रविवारी.

१८/ निघण्याच्या चार दिवस आधी मुलीला शेवटची ओळ सापडली. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर विजापूर निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पेशवाई बुडाल्यावर, १८१८ पासून १८४८ पर्यंत, साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते. आजींचे माहेर साताऱ्याचे. "आजी, तीस वर्षं ते तुझ्या माहेरच्या राजाचं गाव होतं," मुलगी म्हणाली.

१९/ आजींनी चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाल्या, "अगं, मग माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं? चिवडा थोडा जास्त करू." त्या रात्री शिल्लक ७५० मधून पोह्यांचे आणि तेलाचे पैसे वजा झाले. बाबांनी तक्रार केली नाही.

२०/ कमी पैशांत राजधानी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच: पुरातत्त्व खात्याची तिकिटे कोणत्याही मॉलमधील खेळापेक्षा स्वस्त आहेत. खर्च होतो तो प्रवासावर आणि मुक्कामावर, म्हणून जवळची राजधानी निवडावी. आणि निघण्यापूर्वी एका वहीत दोन रकाने आखावेत. ज्या शहराशी आपले भांडण आहे, त्याच्यासाठी तर आखावेतच. धागा समाप्त.