आरशाची जागा

मामाने दिलेल्या जुन्या फिल्मच्या निकॉनवर २४ एमएमची लेन्स आहे. २४ मिलिमीटर फोकल लेंथचं साधं भिंग दूरच्या दृश्याची प्रतिमा आपल्यामागे २४ मिलिमीटरवरच उमटवतं. पण या कॅमेऱ्यात लेन्स बसते तिथपासून फिल्म ४६.५ मिलिमीटर मागे आहे, कारण मधे आरसा वर-खाली होतो. मग भिंग ठेवायचं कुठे?

त्यावर तोड अशी: पुढे प्रकाश फाकवणारी भिंगं, मागे गोळा करणारी. दुर्बीण उलटी धरावी तशी रचना. फ्रान्सच्या आंजेन्यूने १९५० मध्ये अशी ३५ एमएमची लेन्स आणली, नाव 'रेट्रोफोकस'. आरसा सुटला, पण रचना एकांगी झाली आणि सरळ रेषा वाकू लागल्या. आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना ही अडचणच नव्हती. १९५४ च्या झाइस बायोगॉनमध्ये (२१ एमएम) मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ जातं आणि पुढच्या-मागच्या जवळपास सारख्या भागांचे दोष एकमेकांना खोडतात. मोह निकॉनलाही आवरला नाही. एसएलआरसाठी त्यांनी अशीच २१ एमएम काढली. ती लावायची तर आरसा वर अडकवून ठेवायचा आणि दृश्य बघायला वेगळा व्ह्यूफाइंडर बसवायचा. म्हणजे एसएलआर घ्यायचा आणि त्यातला एसएलआरच बंद करायचा!

१९५९ चं ते ४६.५ मिलिमीटर निकॉनने पुढे अनेक दशकं सांभाळलं. आमच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात. २०१८ मध्ये मिररलेस झेड माउंट आला आणि अंतर १६ वर आलं. पण बायोगॉनचे दिवस काही जसेच्या तसे परतले नाहीत. फिल्मला तिरपा प्रकाश चालायचा. सेन्सरवर तो फार तिरपा आला तर कोपरे काळवंडतात, रंग बिघडतात. उभ्या पिंपात तिरका पाऊस कमी पडतो, तसं. त्यामुळे मागची जागा बेतानेच वापरायची. रेषांची वक्रता मात्र आता पुष्कळदा लेन्समध्ये तशीच ठेवतात. ती सॉफ्टवेअर काढतं.

फोनमध्ये तर जागाच काही मिलिमीटरची. शेवटचं प्लॅस्टिकचं भिंग लाटेसारखं वळलेलं, आणि उरलेलं काम कोडचं. ते कोड लिहिणाऱ्यांपैकी मी एक. रेषा सरळ केल्या की कडेचे चेहरे ताणले जातात. हा लेन्सचा दोष नव्हे, एवढं रुंद दृश्य सपाट कागदावर मांडायची ती भूमिती आहे. लग्नाच्या ग्रुप फोटोत आत्या नेहमी कडेला, आणि दरवेळी तिचा गाल रुंद. भिंत सरळ ठेवायची की आत्या? पूर्ण दोन्ही जमत नाही. आमच्या टीममध्ये यावर अजून वाद चालू आहे. माझी शाखा आत्याच्या बाजूने आहे. तिच्यामागची खिडकी थोडी वाकते.