रापणीचा दोर

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातला. डी.एड. झालं आणि जिल्हा परिषदेची नेमणूक मिळाली ती थेट मालवण तालुक्यातल्या एका किनारी वाडीवर. मराठवाड्यातले कितीतरी गुरुजी असेच कोकणात आले. "पाण्याला तरी तोटा नसेल," आई म्हणाली. या जिल्ह्यात पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो खरा, पण जांभ्यात तो थांबत नाही. मे महिन्यात इथल्याही विहिरी तळ गाठतात.

१९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा आठ तालुक्यांचा जिल्हा. घरोघरचं कुणी ना कुणी मुंबईला. चतुर्थीला गावं भरतात, जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो. पण ही माणसं मला खरी कळली ती रापणीवर.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मी कडेला उभा होतो. रापणीचे म्होरके तांडेलकाका ओरडले, "गुरुजी, बघतास काय? दोर धरा!" धरला. ओल्या दोरानं तळहात सोलले, पाय वाळूत रुतत गेले. जाळं जवळ आलं तशी तारली, बांगडे उसळू लागले. मग वाटे पडले: भागीदारांचे, होडीचा, आणि दोराला हात लावणाऱ्यांचेही. "ह्यो तुमचो वाटो," म्हणत काकांनी माझ्यापुढं बांगडे धरले. आमचं घर माळकरी, संत नामदेवांच्या नर्सीची वारी करणारं. मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी शाळेत नारळ पोचले. वाटा चुकवायचा नाही म्हणून!

आमच्याकडं वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. त्यामुळं परक्या माणसाचा वाटा आठवणीनं काढणारी ही रीत मला फार मोठी वाटते.

आज तिच्यावरच घाला आला आहे. मासा किनाऱ्याशी आला तरच रापण भरते. खोल पाण्यात पर्ससीनची जाळी थवेच्या थवे उचलतात, तेव्हा इथं दोर रिकामा येतो. राज्य सरकारनं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढं प्रखर दिव्यांच्या मासेमारीवरही बंदी आली. ही बंदी रात्री, भर समुद्रात पाळली जावी, एवढंच रापणकर मागतात. ते त्यांना मिळालंच पाहिजे.