आईचं माहेर आणि एक वजाबाकी

आईच्या वयाचा पुरावा हवा होता. तिच्याजवळ एकच कागद, 1955 सालचा चौथी पासचा दाखला. गावाच्या नावापुढे लिहिलेलं : तालुका उदगीर, जिल्हा बीदर. कार्यालयातल्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. म्हणाले, "उदगीर तर लातूर जिल्ह्यात. दाखल्यात चूक दिसते. पुरावा आणा."

आई घरी येऊन गप्प बसली. रात्री एवढंच म्हणाली, "माझं माहेर कुठं गेलं रे?"

माझी मुलगी हिच्या माहेरच्या वळणाने कानडी माध्यमात शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, दोन मिनिटांत शोधते." गूगलवर 'उदगीर बीदर' टाकलं, तर लातूरची लॉज, लातूरच्या गाड्या, लातूरचे शिकवणी वर्ग! वैतागून तिने पुढे '-लातूर' जोडलं. पसारा गेला खरा, पण हवं ते काही आलं नाही. 'बीदर'ऐवजी 'बिदर' लिहून पाहिलं, कानडी लिपीत लिहून पाहिलं. तासभर हेच चाललं.

मी वर्गात तर्कशास्त्र शिकवतो, तरी चूक मलाही उशिराच दिसली. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने 1854 मध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं गणित मांडलं. शोधयंत्राचा पाया तोच. आपण दोन शब्द नुसते शेजारी लिहिले की त्यात 'आणि' गृहीत असतो. 'किंवा' हवा तर 'ओआर' इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. छोट्या अक्षरांत तो साधा शब्द ठरतो. वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून हवं, मध्ये जागा सोडली की ते काम करत नाही.

या सगळ्या गोष्टी मुलीने बरोबर केल्या होत्या. घोळ वेगळाच होता. तिच्या मनात होतं, 'लातूरच्या जाहिराती नकोत.' यंत्राला मन कळत नाही. त्याने ऐकलं, 'ज्या पानावर लातूर हा शब्द एकदा जरी आला, ते पान टाका.' आता वाचकहो, तुम्हीच सांगा, 'उदगीर पूर्वी बीदरमध्ये होतं, आज लातूरमध्ये आहे' हे सांगणारं पान लातूरचं नाव न घेता कसं सांगणार? नेमकं हवं तेच पान आम्ही आमच्या हाताने वजा करत होतो!

वजा काढला आणि '1956' जोडलं. लातूरच्या इतिहासाचा एक लेख निघाला. त्यातला धागा धरून, इंग्रजी अक्षरांत शोधत, राज्य पुनर्रचना कायदा, 1956 याचा मजकूर मिळाला. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य विभागलं गेलं, तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. लातूर जिल्हा तर 1982 साली झाला. म्हणजे दाखला लिहिणारे गुरुजी चुकलेच नव्हते.

मुलगी स्वयंपाकघराकडे ओरडली, "अम्मा, सिक्कितु!" मग आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तुझं माहेर सापडलं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कायद्याची प्रत वाचली, "असं आहे होय!" म्हणाले आणि अर्ज ठेवून घेतला.

आपल्या सीमेवरच्या घरांतही अशी वजाबाकी सहज होते. कुणी म्हणतं, मुलांना मराठी नको. कुणी म्हणतं, कानडी नको. ज्या आठवणींत दोन्ही शब्द एकत्र आहेत, त्या मग आपोआप गळतात, आणि काय गळलं ते कळतही नाही.

आईने दाखला पुन्हा पेटीत ठेवला. या वेळी कायद्याच्या प्रतीची घडी घालून, सोबत.