पिंजाऱ्याचा स्टुडिओ

"भोकरदनला स्टुडिओ? आणि तोही पिंजाऱ्याच्या पोराचा?" मी खोली भाड्याने घेतली तेव्हा ओळखीच्या एकाने हसत विचारलं होतं. मीही हसलो, पण ते लागलं.

पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी, नाव कोणतंही घ्या, धंदा एकच. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून तालुक्यातली खेडी फिरले. मी मात्र शाळेत कुणी विचारलं की "वडील शेती करतात" असं सांगायचो. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नव्हती.

मला आवाजाचं वेड होतं. उरुसातली कव्वाली असो की भीमजयंती, मी स्टेजमागे साउंडवाल्याच्या वायरी गुंडाळत बसलेला असायचो. पुढे औरंगाबादला एका स्टुडिओत तीन वर्षं हाताखाली काम केलं. तिथे आमच्या भागातले नात म्हणणारे, भीमगीतं गाणारे, भजनी मंडळवाले यायचे. दिवस मोडायचा, भाडं जायचं, आणि तासाचे पैसे वेगळे. म्हटलं, हे काम आपल्या गावात का होऊ नये?

साठवलेल्या पैशांतून कंडेन्सर माइक, इंटरफेस आणि हेडफोन घेतले. खोली दहा बाय दहा, वर स्लॅब, तोही दहा फुटांवर. पहिलं रेकॉर्डिंग मोहल्ल्यातल्या एका पोराच्या नातचं. गळा सुरेख, पण ऐकलं तर जणू रिकाम्या हौदात उभा राहून म्हणतोय. मी दोष माइकला दिला. महागडा माइक घ्यायला कर्ज काढायच्या बेतात होतो.

मग एका रात्री खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी संपली, पण मागून "टर्रर्र" असा आवाज येत राहिला. समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत होता. त्यात लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी. अशा खोलीत एकच जाड सूर तिन्ही बाजूंनी फुगतो. दहा फुटांना तो 56 हर्ट्झच्या आसपास येतो. ढोलकीचा धुम्मा त्यामुळे कधी घुमायचा, कधी गायब व्हायचा. माइक बिचारा जे होतं तेच टिपत होता.

कुणी सांगितलं, अंड्यांचे ट्रे लाव. लावून पाहिले. पातळ पुठ्ठाच तो. बाहेरचा हॉर्न थांबला नाही, आतला घुमारा फारसा कमी झाला नाही, वर आगीची भीती. तयार पॅनेलचा भाव विचारला आणि गप्प बसलो.

त्याच आठवड्यात अब्बा जेवणाचा डबा घेऊन आले. दारात उभे राहून खाकरले, खोलीभर पाहिलं आणि म्हणाले, "इस कमरे कू रुई होना रे."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, घरात रुईचा ढीग असला की पिंजणीचा आवाज मरतो. माल गेला, घर रिकामं झालं, की तीच पिंजण कानाला टोचते. हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. मला कुणाला विचारायचं हेच सुचलं नव्हतं.

अब्बांनी आठ गाद्या भरल्या. चार फूट बाय दोन फूट, चार इंच जाड, लाकडी चौकटीत, वर विरळ विणीचं कापड. मी रुई दाबून भरायला लागलो तर त्यांनी हात धरला. दाबून भरली तर तीही भिंतच होईल, म्हणाले. बरोबर होतं. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती धाग्यांमधून जाताना घासते आणि दमते. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही, म्हणून गाद्या भिंतीपासून चार इंच पुढे टांगल्या. जाड सुरांसाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाडजूड लोड उभे केले. विजेचा बोर्ड आणि वायरी रुईपासून लांब ठेवल्या, दाराशी आग विझवायचं सिलिंडर ठेवलं. रुई कशी पेटते, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

गाद्यांनी बाहेरचा आवाज मात्र थांबत नाही. त्यासाठी दाराच्या फटींना रबर लावलं, आतून दुसरं दार बसवलं आणि मुख्य काम इशाच्या नमाजनंतर ठेवलं. जालना रोडची वर्दळ तेव्हा ओसरलेली असते. दिवसा काम असलं तर अजान होईपर्यंत सगळे थांबतो. भजनी मंडळवालेही तेवढ्यात चहा पिऊन घेतात. पंखा बंद, घाम सुरू. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, म्हणजे "प" आणि "भ"ची फुंकर थेट बसत नाही. आवाजाची पातळीही थोडी खालीच ठेवतो. कारण फाटलेलं कापड शिवता येतं, फाटलेला आवाज नाही.

1902 साली कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं, तेव्हा समोर माइक नव्हता, कर्णा होता. त्यात मोठ्यानेच गावं लागे. 1925च्या सुमाराला विजेवरचा माइक आला आणि हळू म्हटलेलंही टिपलं जाऊ लागलं. पण त्याबरोबर गाणाऱ्याचा श्वास आणि खोलीही ऐकू येऊ लागली.

श्वासावरून आठवलं. त्या आठ गाद्या अब्बांचं शेवटचं काम ठरल्या. आयुष्यभराची रुईची धूळ छातीत बसली होती, डॉक्टरांनी हात लावायलाही मनाई केली. गेल्या हिवाळ्यात मी माळ्यावरची पिंजण काढून त्यांना स्टुडिओत बसवलं. तात सैल झाली होती. त्यांनी ती ताणली, बोटाने छेडून पाहिली, पुन्हा ताणली. एखादा तंबोरा लावावा तशी. मग अकरा मिनिटं वाजवली. मध्ये तीन ठिकाणी त्यांचा खोकला आहे.

मदतीला असलेला मुलगा म्हणाला, "भाई, एवढं कट करून टाकू?" गाणाऱ्यांचा जास्तीचा श्वास मी रोज काढतो. तो खोकला तसाच ठेवला.

आता बाहेरगावचे कलाकार येतात, खोलीत बोलून बघतात आणि विचारतात, "पॅनेल कुठून मागवले?"

मी सांगतो, "मागवले नाहीत. माझे वडील पिंजारी आहेत. त्यांनी भरलेत."