चिंचवड टू मालवण : मासे बघायचेत? मग पाण्यात उतरा!

चिंचवडमध्ये फॅमिली ट्रिप ठरवणं म्हणजे अख्खं प्रोजेक्ट मॅनेजमेंट! भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, हिंजवडीच्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार आणि शाळेला दोन्हीशी काही देणंघेणं नाही. तुमच्याही घरात नवरा ‘गुरुवारवाला’ आणि बायको ‘वीकेंडवाली’ असेल, तर सगळ्यांची मिळून एक सुट्टी म्हणजे काय चीज असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशी सुट्टी वर्षातून एकदा-दोनदाच हाती लागते. ती वाया घालवायची नसते, बॉस!

आमच्याकडे यंदा असे तीन दिवस जुळून आले आणि लेकाने लगेच ऑर्डर सोडली, ‘‘मला डॉल्फिन शो बघायचाय!’’ वर्गातला कुणीतरी दुबईला जाऊन आला होता. चेंडू डोक्यावर घेणाऱ्या डॉल्फिनचे फोटो वर्गात फिरले होते. आता दुबई काही बजेटमध्ये बसत नव्हती. पण खरा प्रश्न वेगळाच होता : असा शो आपल्याकडे का नाही?

शो का नाही?

उत्तर इंटरेस्टिंग आहे. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांतच ते मेले. पुढे देशात ठिकठिकाणी डॉल्फिन शोचे प्रस्ताव यायला लागले, तेव्हा मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही, असं ठरवलं. कारण साधं आहे. रोज मैलोन्‌मैल पोहणारा, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून रस्ता शोधणारा हा हुशार प्राणी. त्याला सिमेंटच्या टाकीत कोंडायचं म्हणजे माणसाला आयुष्यभर लिफ्टमध्ये उभं करण्यासारखं.

बरं, साधं मत्स्यालय म्हणावं, तर आपल्या आई-बाबांच्या पिढीचं हक्काचं ठिकाण होतं मुंबईचं तारापोरवाला. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेलं. २०१५ मध्ये ते नव्याने सजूनही आलं, पण नंतर इमारतीची अवस्था बिघडल्याने त्याला कुलूप लागलं.

मग उरतं ते भिंती नसलेलं मत्स्यालय : मालवण!

२९ चौरस किलोमीटरचं ‘पार्क’

मालवणला आपण जातो ते सोलकढी आणि सुरमई थाळीसाठी. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र हे १९८७ पासून जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? साधारण २९ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. त्यातला सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग गाभ्याचा. किल्ला, शेजारचा पद्मगड आणि पाण्याखालचे खडक त्यात येतात. आणि या खडकांवर आहेत चक्क प्रवाळ! त्यासाठी अंदमान गाठायची गरज नाही.

रूट सोपा आहे. चिंचवडहून रात्रीची स्लीपर बस पकडा, सकाळी मालवण. स्वतःची गाडी असेल तर कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरा आणि कणकवलीवरून मालवण. घाटातला रस्ता दिवसाउजेडी करा, जंगल बघण्यासारखं आहे.

डोकं पाण्यात, जग बंद

स्नॉर्कलिंगला पोहता यायलाच हवं असं नाही. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. पहिली दोन मिनिटं जाम घाबरायला होतं, कारण नाकाने श्वास घ्यायची आयुष्यभराची सवय मोडायची असते. नवरोबा दोनदा खारं पाणी पिऊन वर आले. मग एकदाचं जमतं. आपल्याच श्वासाचा आवाज सोडला तर बाकी सगळं म्यूट. ना मेल, ना मीटिंग, ना ‘क्विक कॉल’.

आणि खाली? पिवळ्या अंगावर काळे पट्टे मिरवणारे सार्जंट मेजर मासे झुंडीने अंगावरून जातात. खडकाला चिकटलेली समुद्रफुलं लाटेबरोबर डुलतात. पोपटासारखी चोच असलेला पॅरटफिश खडकावरचं शेवाळ खरवडत असतो. टीव्हीवर दिसतं तसं निळंशार पाणी मात्र डोक्यात ठेवून जाऊ नका. इथलं पाणी हिरवट असतं आणि काही दिवस गढूळही. शो नाहीये ना हा, समुद्र आहे!

लेक दमला आणि त्याने पाय खाली टेकवायला घेतले, तोच गाइड काका ओरडले, ‘‘पाय टेकू नको रे झिला, जिता आसा ता!’’ ‘जिता’ म्हणजे जिवंत. खालचा तो ‘दगड’ म्हणजे हजारो इवल्या जिवांची वसाहत होती. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. पाणी फार तापलं की हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढरा पडतो. गोट्यासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आपल्या एका टाचेखाली लेकाच्या वयाएवढी वाढ मोडू शकते. मुलाने हा हिशोब वर आल्या आल्या केला आणि मग बोटीतल्या सगळ्यांना ऐकवला.

आजीसाठी काय?

पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी किल्ला आहेच. मालवण जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावर. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला. आत शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे. सासूबाईंना मात्र सगळ्यात भावल्या त्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! ‘‘आपल्याकडे पवनामाईला एवढं जपलं असतं तर?’’ एवढंच त्या म्हणाल्या. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर फेस तरंगताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं उत्तर देता येणार नाही. आमच्या मुलाने याआधी नदीत पाहिलेले मासे मेलेले होते.

समुद्र कुणाचा?

अभयारण्य म्हटलं की आपण खूश. पण इथल्या मच्छीमारांच्या पोटावर पाय येईल म्हणून त्याला सुरुवातीपासून विरोध होता. पुढे जवळच्या तोंडवळी-वायंगणीत ‘सी वर्ल्ड’ प्रकल्पाची घोषणा झाली, तेव्हा जमिनी जाणार म्हणून गावकरी उभे राहिले. थोडक्यात, ज्याला आपण ‘पार्क’ म्हणतो तो कुणाच्या तरी रोजच्या कामाचा रस्ता आहे. आज अनेक मच्छीमार कुटुंबं बोटी, स्नॉर्कलिंग आणि होम-स्टेवरही चालतात. प्रवाळ राहिला तर मासे राहतील, मासे राहिले तर पर्यटक येतील आणि थाळीही. हे गणित एमबीए न करता त्यांना कळलेलं आहे. आपल्याला कळलं तर बरं!

आणि डॉल्फिन? सकाळच्या बोटीतून देवबागच्या दिशेने जाताना दिसले. दूरवर दोन पाठी वर आल्या आणि गेल्या. चेंडू नाही, टाळ्या नाहीत. बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि लेक वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. आमच्या घरात हा रेकॉर्ड आहे.

जाताय? मग हे वाचा

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात.
* लाइफ जॅकेटशिवाय बोटीत पाऊल नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. बोटीत गर्दी दिसली तर पुढच्या बोटीची वाट बघा.
* माशांना ब्रेड-बिस्किटं घालू नका. ‘फोटो छान येतो’ म्हणून कुणी पुडा हातात दिला, तरी नको म्हणा. शेवाळ खाणारे मासे ब्रेडला सोकावले, तर खडक साफ कोण करणार?
* प्रवाळाचा तुकडा ‘आठवण’ म्हणून खिशात टाकू नका. २००१ पासून कायद्याने प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.
* डॉल्फिनमागे बोट पळवायला सांगू नका. इंजिन बंद करायला सांगा.
* आणि सुट्टीचा अर्ज आजच टाका. गुरुवारवाले आणि रविवारवाले एकत्र यायला वेळ लागतो!