गंजी, बंब आणि फुकणी

राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, कपाशीच्या पट्ट्यात. इथं सरपणाचं वर्ष उलंगवाडीपासून सुरू होतं. शेवटची वेचणी झाली की चिमट्यानं पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधून बैलगाडीत घालायच्या आणि घराच्या मागच्या भिंतीला गंजी लावायची. तूर निघाली की तिच्या तुराट्या. पावसाळ्याच्या तोंडाशी गोवऱ्या पत्र्याखाली गेल्याच पाहिजेत, नाहीतर आषाढात चूल पेटता पेटत नाही. सोयरीक जमवायला आलेले लोक शेत बघायच्या आधी गंजी बघतात, असं आजी म्हणायची. त्यात तथ्य होतं. "ज्याच्या घरी सरपन नाही, त्याची सून रडतच सयपाक करते," हा तिचा शेरा ऐकून मुलीचे वडील गंजीकडे नीट बघून घेत.

पऱ्हाटी पटकन पेटते आणि पटकन संपते. म्हणून भाकरी होईपर्यंत चुलीसमोरून उठता येत नाही; एका हातानं भाकर थापायची, दुसऱ्यानं काड्या आत सारायच्या. बाभळीचं लाकूड मिळालं तर तो दिवस चैनीचा. त्याचा निखारा टिकतो, वैलावर वरण आपसूक शिजत राहतं आणि शेवटच्या आरावर वांगं भाजून निघतं. पळस धूरच जास्त करतो. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत, हे लहान पोरांनाही पाठ होतं. शेजारी कोणतं लाकूड जळतंय ते आजी धुराच्या वासावरून ओळखायची. एखाद्या घरातून सागाच्या जुन्या लाकडाचा वास आला की लगेच विचारणा: "काहून वं, दरवाजा जाळला का काय?"

विस्तव मागायला येण्याची पद्धत आमच्या लहानपणापर्यंत होती. रात्री राखेखाली निखारा दाबून ठेवायचा, सकाळी गोवरीच्या तुकड्यावर फुंकून जागा करायचा. ज्याचा विझला तो शेजारी जायचा. काडीपेटी घरात असायची, पण काडी वाचवणं हीही एक शिस्त होती. विस्तव घ्यायला आलेली बाई दारातच गप्पांना थांबायची आणि हातातला निखारा विझून जायचा. मग मोठी माय, म्हणजे थोरली काकू, म्हणायची, "ने आता दुसरा, अन् या खेपेला तोंड बंद ठेवून ने." अक्षय्य तृतीयेला मात्र विस्तव कुणी देत नसे. दासगणूंच्या 'गजानन विजय'मध्ये शेगावच्या जानकीराम सोनारानं गजानन महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव नाकारला, तो याच सणाच्या कारणानं. आमच्याकडे पारायणात तो अध्याय आला की बाया एकमेकींकडे बघून हसत, कारण गेल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुणी कुणाला नाही म्हटलं ते सगळ्यांना आठवत असे.

आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब. मधल्या नळीत काटक्या आणि कणसांची बुरकुंडं घालायची, खालून राख ओढायची. नियम एकच: जितकं गरम पाणी काढाल तितकं थंड वरून ओता. बंब रिकामा तापला तर डाख सुटतो आणि झाळणाऱ्याकडे न्यावा लागतो. हिवाळ्यात या नियमावरून घरात रोज खटला चालायचा. पाणी न ओतता पळणारा कोण, हे शोधायला काका बंबाला हात लावून, आंघोळ झालेल्यांच्या डोक्याचे केस बघून निकाल द्यायचे. शिक्षा म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटवणं.

संध्याकाळी पुरुषांची शेकोटी. धूर ज्याच्याकडे वळेल त्याला सगळे म्हणत, "धूर देखण्याकडेच जातो." तो खोकत जागा बदलायचा, धूर पुन्हा त्याच्याच मागे, आणि हसण्याला जोर यायचा. मला आता या विनोदातली एक गोष्ट टोचते. शेकोटीवरच्या माणसाला जागा बदलता येत होती. आजी चुलीपुढून हलू शकत नव्हती, तिला कुणी देखणी म्हटलं नाही. तिचे डोळे मोतीबिंदूनं गेले आणि खोकला शेवटपर्यंत राहिला. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी आणि फुफ्फुसांच्या जुनाट आजाराशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही तेव्हा त्याला म्हातारपण म्हणत होतो. सरपणाची सगळी विद्या बायांची होती, आणि तिची किंमतही त्यांनीच मोजली.

लाकडाला रानात जाणंही बायांकडेच. ज्ञानगंगा अभयारण्य जवळ, आणि तिथं अस्वलं. त्यामुळे एकटीनं जायचं नाही, मोठ्यानं बोलत जायचं. 2019 च्या डिसेंबरात टिपेश्वरकडून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगात आला. त्याची बातमी सगळ्या पेपरांत झळकली. त्या हिवाळ्यात मोळ्या कमी आल्या. पण बाया म्हणत, "वाघाच्या गळ्यात पट्टा हाय, तो कुठं हाय ते सरकारले ठाऊक. अस्वलाचं कोन सांगते?" हसता हसता सांगितलेली ही गोष्ट शंभर टक्के खरी होती.

गंजीवरही आता प्रश्न आहे. 2017 मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, तेव्हापासून कृषी विभाग सांगतो की पऱ्हाटी साठवू नका, न फुटलेल्या बोंडांत अळी दडून राहते. सल्ला बरोबर आहे. पण एखाद्या घरची चूल पऱ्हाटीवर चालत असेल तर गंजी मोडा म्हणताना दुसरं जळण काय, हेही त्याच माणसानं सांगायला हवं. आमच्या गल्लीत बाया अजूनही बोंडं हातानं तोडून जाळतात आणि मग गंजी लावतात.

1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर बऱ्याच घरी शेगडी आली. 2022 मध्ये सिलिंडर हजाराच्या वर गेलं आणि मधला मार्ग निघाला: चहा गॅसवर, भाकर चुलीवर. वहिनीनं चूल घरातून काढून मागच्या पडवीत नेली आणि भांडून वर धुराडं बसवून घेतलं. धूर थेट बाहेर जातो. तव्याच्या बुडाला काजळीत ठिणग्या चमकल्या की मोठी माय अजूनही सांगते, "तवा हसला, पाहुने येतीन." वहिनीचं उत्तर ठरलेलं असतं: "येऊ द्या. येतानी एकेक लाकूड घेऊन या म्हना."